शेवटच्या आंघोळीचं गाणं

इथं ग्रीसमध्ये, आमच्या यानिना गावात ज्यू बाई गेली की तिला आंघोळ घालायला आम्ही बायकाच जातो. पाणी ओतताना गायची ती मात्र फक्त स्तामूला. ते गाणं दाराबाहेर न्यायचं नाही, हा नियम तिला आईकडून आलेला. एरवी बाई पालक निवडतानाही गुणगुणायची, पण ते गाणं? छे! "ते गेलेल्यांचं आहे गं झाफिरा, त्यांच्याकडे दुसरं काय उरलंय?" मला म्हणायची.

तिला मूलबाळ नव्हतं. पोरकी भाची आनेट्टा तिनंच वाढवली आणि गाणंही तिलाच शिकवलं. "मी गेले की माझ्यासाठी तू म्हण," एवढंच तिचं मागणं होतं.

मग या गाण्याची कुणकुण लागून अथेन्सहून एक प्राध्यापक आले. कालेव नावाच्या कुणा जुन्या हिब्रू कवीची अर्धी कविता त्यांना एका पुस्तकाच्या पुठ्ठ्यात चिकटलेली सापडली होती. शतकानुशतकं हरवलेली बाकीची अर्धी म्हणजे हेच गाणं, असा त्यांचा कयास. स्तामूलानं त्यांना कॉफी पाजली, बदामाची बिस्किटं खिलवली आणि न गाताच वाटेला लावलं.

त्यानंतर माझी बहीण राशेल वारली. आंघोळीला आनेट्टाही होती.

वसंतात मी आणि स्तामूला बेकरीत उभ्या होतो. रेडिओवर कुणी म्हणालं, हरवलेली कविता सापडली. आणि स्तामूलाचाच आवाज सुरू झाला. मागं पाणी ओतल्याचा आवाज येत होता. माझ्या राशेलवरचं पाणी!

"अहो मावशी, तुम्हीच की! छुपे रुस्तम निघालात!" बेकरीवाला वांगेलिस हसला. स्तामूलानं घेतलेला पाव तिथंच ठेवला.

आंघोळीच्या वेळी आनेट्टानं फोन एप्रनच्या खिशात चालू ठेवला होता. वर तोंड करून म्हणाली, "मावशी, तुमच्याबरोबर सगळं मातीत गेलं असतं. आता जग ऐकतंय!"

"राशेलला विचारलंस?" स्तामूला म्हणाली. "माझ्या हातचं खाऊन वाढलीस गं, आणि माझाच गळा कापलास."

पुढं अंथरुणाला खिळली तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाली, "मला नुसतं पाणी घाला. ते गाणं आता रेडिओवाल्यांचं झालं. आणि तिला आत घेऊ नका."

ती गेली त्या दिवशी आनेट्टा दाराबाहेर रडत होती. "झाफिरामावशी, मला अख्खं येतं हो, एकदा म्हणू द्या!" मला तिची कीव आली, खोटं कशाला बोलू? पण आतून कडी लावली आणि तांब्या हातात घेतला.