हनुमंताचा चार मिनिटांचा पाठलाग

ताम्हिणीच्या वरच्या अंगाला अठरा उंबऱ्यांची एक वाडी आहे, आणि हनुमंत तिथं राहतो. तो राहतो हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही, हीच त्याची ओळख. त्याच्या लग्नाच्या फोटोत नवरी आहे, नवरीचा मामा आहे, सनई धरलेला वाजंत्रीवाला नवरदेवाच्या ऐटीत उभा आहे, आणि मामाच्या फेट्यामागून मुंडावळीचं एक टोक बाहेर आलंय. ते टोक म्हणजे हनुमंत. रेशनच्या रांगेत त्याच्या पुढचा धान्य घेतो, मागचा घेतो, आणि दुकानदार दार ओढून जेवायला जातो. ग्रामसभेत मोजणी झाली की एक माणूस कमी भरतो, सगळे इकडंतिकडं बघतात आणि हनुमंत भिंतीपासून सुटा होऊन म्हणतो, "मी हाय की."

बायको सारजाबाई बोलायला फटकळ. चुलीपासून चार हातांवर हनुमंत बसलेला असताना ती दारात जाऊन हाक मारायची, "आवं, कुटं गेलासा?" मग मागून "हितं हाय" ऐकू आलं की कपाळावर हात मारायची. "घरात मानूस हाय का खुंटी, मला समजत न्हाई," असं ती शेजारच्या तानुबाईला सांगायची, तेही हनुमंताच्या देखत. सव्वीस वर्षं त्यानं हे ऐकून घेतलं. उलट बोलला नाही, पण लागायचं त्याला. सारजेनं एकदा तरी आपल्याकडं नीट बघावं, चार माणसांत आपल्याकडं बोट करून 'ह्ये आमचं मालक' म्हणावं, एवढीच त्याची हौस होती.

आता ज्याला बायको खुंटी म्हणायची, त्याच्याच जिवावर गावाची पिकं घरात यायची. नाचणी आणि वरई भरायला लागली की वानरांच्या टोळ्या उतरतात. आरडाओरडा करून, डबे बडवून वानर जात नाही. फांदीवर बसून गंमत बघतं. हनुमंत बांधाच्या कडेला जाऊन नुसता बसायचा. पाला अंगावर घ्यायचा नाही, काही नाही. वानरांचा म्होरक्या हातभर अंतरावर आला की उठून उभा राहायचा. मग ती टोळी महिनाभर त्या रानाकडं फिरकायची नाही. ह्या राखणीचा वाडीत एक रिवाज आहे. लपणाऱ्यानं आपली जागा आपल्या माणसांनाही दाखवायची नाही, कारण माणसाची नजर जिथं जाते तिथं वानर आधी बघतं. लपायचं म्हणजे सगळ्यांपासून, हे हनुमंताच्या हाडात मुरलेलं.

तर दिवाळीनंतर वाडीत मनीष नावाचा एक तरुण आला. लातूरकडचा, भुकूमला फ्लॅट घेऊन राहिलेला, आयटीतली नोकरी सोडून हेरगिरीचा सिनेमा काढायला निघालेला. बरोबर कॅमेरावाला, डोळ्यांवर काळा चष्मा लावलेला हिरो, आणि कागदांची चळत सांभाळणारी जुईली. सिनेमातली अर्धी कामं ही जुईलीच करायची आणि मनीषला वाटायचं की ती आपसूक होतात. त्यांना रानात एक पाठलाग हवा होता. हिरो ओढ्याकाठानं चाललाय आणि शत्रूचा हेर त्याच्या मागावर आहे. हेराचं काम करणाऱ्या नटाचा पाय पहिल्याच दिवशी मुरगळला. मग कुणीतरी हनुमंताचं नाव सांगितलं, आणि तो कुठाय म्हणून शोधाशोध झाली. तो मनीषच्या शेजारीच उभा होता.

मनीषनं त्याला समजावलं, "काका, सोपं आहे. तुम्ही ह्याच्या मागोमाग जायचं. पण ह्याला दिसायचं नाही."

"न्हाई दिसत," हनुमंत म्हणाला. वाडीबाहेरच्या कुणीतरी पहिल्यांदाच त्याला येणारं काम सांगितलं होतं.

कॅमेरा सुरू झाला. हिरो चालला, थांबला, मागं वळून पाहिलं, खाली बसून बुटाची नाडी बांधली, परत चालला. चार मिनिटं झाली. मनीष कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात डोळे घालून बसला होता. शेवटी ओरडला, "कट. अहो, काका आहेत कुठे? सुरुवात केलीच नाही का त्यांनी?"

"हितं हाय की," कॅमेरावाल्याच्या पाठीमागून आवाज आला, आणि कॅमेरावाल्याच्या हातातली पाण्याची बाटली ओढ्यात पडली. वाळलेल्या पाचोळ्यावरून, ओढा ओलांडून, सगळा पल्ला पार करून हनुमंत येऊन उभा राहिला होता.

"काका, हिरोला दिसायचं नाही. आम्हाला दिसायचं," जुईली म्हणाली.

हनुमंताला हे काही केल्या पटेना. "ताई, तुमाला दिसलो म्हंजी त्यो तुमच्याकडं बगून मला हुडकंल की."

तरी त्यानं केलं बिचाऱ्यानं. दुसऱ्या खेपेला तो दर दहा पावलांवर झाडामागून मान काढून कॅमेऱ्याकडं बघायचा, आणि सारजा सिनेमात बघेल म्हणून जरा हसायचाही. तिसऱ्या खेपेला हात हलवला. ऊन कलायला लागलं होतं, हिरोला परत जायची घाई. मनीष डोकं धरून म्हणाला, पहिलाच ठेवू. जाताना जुईलीनं सांगितलं, "काका, तुमचा पहिलाच टेक सिनेमात आहे बरं." तिनं सांगितलं ते खरंच होतं, फक्त त्या टेकमध्ये काय होतं ते सांगायचं राहिलं.

झालं. हनुमंत सिनेमात हाय, ही बातमी वाडीत फिरली. फिरवली अर्थात हनुमंतानंच. ज्या माणसानं वर्षाकाठी शंभर शब्द खर्च केले नसतील, तो पाणवठ्यावर, बांधावर, थांब्यावर सांगत सुटला. सारजाबाईनं ऐकून घेतलं. "बगू," एवढंच म्हणाली, पण ट्रंकेतलं जरीकाठी लुगडं तिनं उन्हात टाकलं, हे हनुमंतानं पाहिलं.

सिनेमा बाहेर दाखवायच्या आधी मनीषनं पिरंगुटच्या एका मंगल कार्यालयात रविवारी दुपारी खेळ ठेवला. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. डाव्या बाजूला त्याचे जुने ऑफिसवाले मित्र, उजव्या बाजूला चार जीपगाड्या भरून आलेली वाडी. हनुमंत कडेच्या खुर्चीवर, शेजारी सारजाबाई, तिच्या पलीकडं तानुबाई आणि मागं म्हातारा गेणबा.

सिनेमा सुरू झाला तो थेट गोळीबारानं. कोण कुणावर झाडतंय, का झाडतंय, काही पत्ता नाही. मोटारी उडाल्या, माणसं काचांतून बाहेर पडली, पुन्हा उठून पळाली. पहिली पाच मिनिटं वाडी डोळे फाडून बघत होती. दहाव्या मिनिटाला गेणबा घोरायला लागला. मग बोलणं आलं. दोन माणसं एका लॅपटॉपपुढं उभी राहून ती फाइल किती महत्त्वाची आहे हे एकमेकांना सांगत होती, आणि दोघांनाही ते आधीच माहीत होतं. मग परदेशातलं शहर आलं. "ह्ये तर आपल्या धरनापल्याडचं," वाडीतला नथू मोठ्यांदा म्हणाला, आणि हिरो परदेशातून एका क्षणात परत आला. ऑफिसवाल्या मित्रांनी एकेक करून मोबाइल काढले. त्यांचे चेहरे तेवढे अंधारात उजळले. सारजाबाईनं दोनदा पदराआड जांभई दिली, आणि प्रत्येक जांभईला हनुमंत खुर्चीत खचत गेला.

आणि मग रान आलं.

"आपला वढा," तानुबाई म्हणाली. गेणबाला कोपरानं जागं करण्यात आलं. पडद्यावर हिरो एकटाच चालला होता. गोळी नाही, गाणं नाही, नुसता पाचोळा वाजतोय. ऑफिसवाल्यांतला एक जण पुटपुटला, "यात काहीच होत नाहीये यार." पण उजव्या बाजूची सगळी वाडी खुर्च्यांच्या टोकावर येऊन बसली होती, कारण वाडीला माहीत होतं की ह्या रानात कुणीतरी आहे.

"त्या उंबरामागं आसंल," नथू कुजबुजला.

"गप. सातभाई पाखरं वरडली न्हाईत. अजून लांब हाय त्यो," गेणबा म्हणाला.

हिरोनं मागं वळून पाहिलं, आणि चाळीस माणसांचा श्वास अडकला. बिचाऱ्या नटाला त्या दिवशी मागं कुणी आहे की नाही हेच ठाऊक नव्हतं, म्हणून त्याच्या तोंडावर खरी भीती आली होती. आख्ख्या सिनेमात त्यानं केलेला तेवढाच अभिनय. वाडी अशी का बसलीय म्हणून डाव्या बाजूच्यांनी मान वळवली, मग पडद्याकडं पाहिलं, आणि तेही शोधायला लागले. मोबाइल एकेक करून विझले. हिरो नाडी बांधायला वाकला तेव्हा एक मुलगी हळूच म्हणाली, "उठ ना बाबा लवकर." पुढं तो जीपमध्ये बसला, प्रसंग संपला, आणि कार्यालयभर सुस्कारा ऐकू आला. नंतर टाळ्या.

हनुमंत कुणालाही दिसला नव्हता. स्वतःला सुद्धा नाही. चार मिनिटं तो पडद्यावर स्वतःला शोधत राहिला. उरलेल्या सिनेमात पूल उडाला, तिकडं त्याचं लक्षच नव्हतं.

दिवे लागल्यावर मनीषनं हात जोडून विचारलं, कुठं कंटाळा आला ते खरं सांगा. ऑफिसवाले "छान, छान" म्हणत चहाकडं वळले. गेणबानं मात्र विचारलं म्हणून सांगितलं. "लेका, बंदुका वाजल्या की मला झोप येती. कोन मरतोय त्येच ठावं न्हाई, मंग मरंना का. आन् ती दोगं नुसती बोलत बसली तवा तर मी घरी गाय बांदली का न्हाई त्याचा इचार केला. वढ्यावर तेवडं ब्येस. तितं मानूस हाय ह्ये आमाला ठावं व्हतं."

मनीष खाली बसला. जुईलीनं कागद काढून भराभर लिहिलं. मग म्हणाली, "म्हणजे बाकीच्यांना आधी कळायला हवं. सुरुवातीला एकदाच काकांचा चेहरा दाखवू. मग ते रानात शिरतील, आणि पुढं काही दाखवायचंच नाही." मनीषनं मान हलवली. उद्याच पुन्हा वाडीत यायचं ठरलं.

पण हे ऐकायला हनुमंत तिथं होताच कुठं? तो मागच्या दारानं निघून पाण्याच्या टाकीला टेकून बसला होता. वाडीनं त्याची समजूत काढली असती, तर तेही त्याला सोसलं नसतं. सारजाबाई जरीचं लुगडं सावरत सरळ त्याच्यापाशी आली आणि शेजारी बसली.

"हसलीस आसशील," तो म्हणाला.

"हसू कशापायी? ऐनाच्या झाडाबुडी बसला व्हतासा. त्येनं नाडी बांदली तवा वढा वलांडला आन् जांभळीमागं गेलासा."

हनुमंत तिच्याकडं बघतच राहिला. तो तसाच गेला होता, तंतोतंत. "तुला कुनी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? मोहळ काढताना पडून पाय मोडला तवापास्नं तुमी उतरनीला उजवा पाय आदी टाकता, आन् जरा थांबून डावा. कारवीची झुडपं तशीच हालली. येकदा, आन् मंग जरा थांबून येकदा."

हनुमंतानं आपल्या उजव्या पायाकडं पाहिलं. मग म्हणाला, "आगं मंग बोट का न्हाई दावलंस? समद्यांनी बगितलं आसतं."

"आन् हुश्श करून मागं टेकली आसती," सारजाबाई म्हणाली. "तेवडी शिकलेली मानसं, मोबाइल टाकून गुमान बसली व्हती. तुमच्यापायी बसली व्हती. मी कशाला मोडू?"

तेवढ्यात जुईली शोधत शोधत आली. टाकीला एकदा वळसा घालून गेली, परत आली, आणि तेव्हा तिला तो दिसला. "काका, उद्या येतोय आम्ही. तुमचा चेहरा घ्यायचाय, अगदी जवळून. म्हणजे तुम्ही सगळ्यांना दिसाल."

"या की," हनुमंत म्हणाला. "तुमच्या शिनेमाला लागंल तर घ्या. मी दिसलोय."