आक्कांची वाकडी पेशी

आक्कांना "फेकून द्या" म्हटलं, की त्या आधी "का?" विचारायच्या. जुन्नरच्या आमच्या कॉलेजात त्या प्रयोगशाळेतलं काचसामान धुवायच्या. नाव हिराबाई, आंबेगावच्या डोंगरातल्या, शिक्षण सातवी, नोकरी कराराची. माझे मार्गदर्शक सर म्हणायचे, "बाई, हात लावू नका." त्या लावायच्याच.

एम.एस्सी.ला मी यीस्टचे म्युटंट शोधत होते. म्हणजे जनुकात बिघाड झालेल्या पेशी. गारव्यात नीट वाढतात, उबेत त्यांचं विभाजन अडतं आणि त्या मरतात. म्हणून पेशी वाढवलेल्या एकाच ताटलीचे दोन ठसे नव्या ताटल्यांवर घ्यायचे, एक गारव्यात ठेवायचा, एक उबेत. ताटलीत मिसळलेल्या रंगामुळे जिवंत पेशींचा ठिपका फिका राहतो, मेलेल्यांचा गडद गुलाबी होतो. पाच महिने काही हाती लागलं नाही. मग एका सकाळी उबेतल्या ताटलीत एकच गडद ठिपका दिसला.

सरांनी उभ्या उभ्या पाहिलं. "घाण शिरलीय. फेका."

"का?" आक्का म्हणाल्या. "घाण असती तर गार ताटलीत बरोबर त्याच जागी ठिपका कसा उगवला असता? आन् तिथला तर चांगला फिका हाय."

"मला शिकवताय?"

"शिकवत न्हाई. इचारतेय."

सर तरातरा निघून गेले. मी भिऊन ताटली फेकायला उचलली, तर आक्कांनी मनगट धरलं. "भ्यायचं तर भी. पण आधी बघ."

मायक्रोस्कोपखाली या जातीच्या यीस्टच्या निरोगी पेशी सरळ कांड्यांसारख्या दिसतात. या वाकल्या होत्या, काहींना फाटे फुटले होते. पुण्याच्या प्रयोगशाळेत पेशी रंगवून काढलेल्या फोटोंत कारण दिसलं. पेशीला सरळ ठेवणारे, विभाजनात गुणसूत्रं दोन्हीकडे ओढणारे सूक्ष्मनलिकांचे धागे विस्कटलेले होते.

फोटो पाहून आक्का म्हणाल्या, "मोडलं तवाच कळतं, कोण काय धरून व्हतं."

प्रबंधात मी त्यांचे आभार मानले. सरांनी ती ओळ खोडली.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हा म्युटंट प्रथम कुणी ओळखला?"

"आमच्या विभागानं..." सर सुरू झाले.

"हिराबाईंनी," मी म्हणाले.

आक्का पाणी घेऊन आत आल्या होत्या. सरांनी त्यांना बाहेर जायची खूण केली. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. "मला इचारा, सायेब. मी बघितलाय." आणि दोन्ही ताटल्यांची गोष्ट त्यांनी न अडखळता सांगितली.

जूनमध्ये त्यांचा करार वाढवला नाही. त्या गावी निघाल्या तेव्हा जीपपाशी मी रडू लागले, तर म्हणाल्या, "खरं बोलल्याव रडत्यात व्हय?"

पंधरा दिवसांत त्या नारायणगावला रोपांच्या एका प्रयोगशाळेत लागल्या. बाटल्या धुवायलाच. पहिल्याच दिवशी त्यांनी मायक्रोस्कोप कुठे आहे विचारलं म्हणे.