व्हितालीनचे तळपाय

लोदा गावात जोराचा पाऊस होऊन गेला की दुसऱ्या सकाळी उकळत्या तळ्याकडे कुणी वाटाड्या पहिला निघत नसे. आधी व्हितालीन लारोंड, मग बाकीचे. वाटेतल्या गंधकाच्या दरीत उकळत्या चिखलावरची जमिनीची साय कुठे धरलीय नि कुठे पातळ झालीय, हे त्या बाईच्या तळपायांना कळायचं. दरी आली की ती बूट काढून गळ्यात अडकवी. बत्तीस वर्षांत तिच्या मागून आलेल्या एकाही पाहुण्याला चटका बसला नव्हता.

आणि दोन महिन्यांपूर्वी चुलीतला निखारा तिच्या पायाखाली येऊन विझला, तरी तिला पत्ता नाही. साखरेचं दुखणं, दुसरं काय. नर्सने सुई टोचून विचारलं, कळतंय का? बाईसाहेब बेधडक हो म्हणाल्या. मेले, खोटं कशाला बोललीस, असं घरी येईपर्यंत स्वतःलाच विचारत होती. पण गावाला सांगणार काय? हिचे पाय गेले म्हणजे राहिलं काय? कोरड्या दिवसांत जुन्या वाटेने कसंबसं निभावलं.

त्या मंगळवारी मात्र आदल्या दिवशी पाऊस कोसळून गेला होता. तिच्यामागे पाच पाहुणे, त्यांच्यामागे डेक्स्टर आपले सहा घेऊन. डेक्स्टर तिच्याच हाताखाली तयार झालेला. मावशीच्या पावलावर पाऊल ठेवा, ती बुडाली तरच बुडा, असं तो आपल्या लोकांना सांगत होता. लोक हसले.

दरीत उतरल्यावर तिने सवयीने बूट काढले. वाफेत दहा हातांपलीकडचं दिसेना, आणि जुनी वाट पिवळ्या चिखलाखाली गेलेली. तिने पाऊल टेकवलं. काहीच नाही. दुसरं टेकवलं. काहीच नाही. खाली गार आहे की उकळतंय, देव जाणे. परत फिरावं तर डेक्स्टर कारण विचारणार. आणखी चार पावलं, मग बघू, असं करत करत ती वीस पावलं गेली.

"बाई," मागची पाहुणी हळूच म्हणाली, "तुमची टाच सोलून निघालीय."

तिने वळून पाहिलं. कातडी पांढरी होऊन लोंबत होती. दुखत अजिबात नव्हतं. आणि मागे बारा माणसं, एकामागे एक, तिच्याच पावलांवर उभी.

"हलू नका कुणी," ती म्हणाली. मग म्हणाली, "डेक्स्टर, पुढे ये. माझे पाय मेलेत. दोन महिने झाले."

त्याला आधी थट्टाच वाटली. एकेकाचे खांदे धरत तो पुढे आला, टाच पाहिली, आणि त्याचं तोंड उतरलं. दोन शिव्या हासडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्याने नुसते बूट काढले. ती उभी होती तिथून वीतभर पुढे पाऊल टेकवलं आणि कळवळून मागे घेतलं.

व्हितालीनला रडूच फुटलं.

"वरवर जळतंय की आतून?" तिने विचारलं.

"आतून."

"मग तिथे पोकळ आहे. डावीकडे टेकव. हळू."

तिथे त्याचं पाऊल ठरलं. तिने त्याचा दंड गच्च धरला आणि त्याच्या पावलावर आपलं पाऊल ठेवलं.