जाऊबाईंची गिअरची सायकल

आमच्या मोठ्या जाऊबाई गेल्या महिन्यात गेल्या. बसल्या जागी गेल्या. आणि आयुष्यात बाई एका जागी बसली नाही. निम्मं जेवण उभ्यानं, गॅसपाशी. मी म्हणायचे, जाऊबाई, पाय काय भाड्यानं आणलेत, परत द्यायच्या आधी वापरून घेताय? त्या हसायच्या आणि तोवर दाराबाहेर.

आम्ही दोघी एकाच लाँड्रीत. मी आत इस्त्रीला, त्या धुतलेल्या चादरींची गाठोडी सायकलवरून पोचवायला. वरच्या दवाखान्याला मोठा चढ आहे. साधी सायकल ढकलत न्यायला लागायची, म्हणून मालकांनी गिअरची आणली. तर तिची चेन पडायची. ती बसवून काळ्या हातांनी वर पोचायच्या आणि चादरीवर बोटं. दवाखान्यातून गाठोडं परत आलं तेव्हा मालक म्हणाले, आता परत असं झालं तर फेरी टेम्पोवाल्याला, तुम्ही आत इस्त्रीला बसा.

आत बसा म्हटल्यावर त्यांचं तोंडच उतरलं. वाफेत, एका टेबलाशी, दिवसभर. घरी येऊन नुसत्या येरझाऱ्या. घासलेली भांडी परत घासली. दीर म्हणाले, अगं जरा टेक. तर त्यांच्यावरच खेकसल्या, की आता जन्मभर टेकायचंच आहे.

सकाळी मीच त्यांना ओढत सायकलवाल्याकडे नेलं. त्यानं विचारलं, चढाला कोणता गिअर लावता. जाऊबाई ऐटीत म्हणाल्या, पुढचं मोठं चक्र आणि मागचंही मोठं, मोठ्याला मोठं लावलं की जोर दुप्पट. मी पण मान हलवली. मला तरी काय कळतंय त्यातलं.

तो म्हणाला, "मावशी, जरा वाकून मागून बघा. चेन किती तिरकी ओढलीय तुम्ही."

खरंच तिरकी होती. मग त्यानं समजावलं. चढाला पुढे लहान, मागे मोठं. सपाटीला पुढे मोठं, मागे लहान. लहानाला लहान पण नको, तेही तिरकंच. चेन सरळ दिसली की जोडी जमली. आणि बदलायचं ते चढ लागायच्या आधी, पाय हलका ठेवून. दातओठ खात पेडल दाबताना बदललं की चेन पडलीच म्हणून समजा.

जाऊबाईंनी तिथेच एक चक्कर मारली आणि तोंड वाकडं केलं. म्हणे पाय गरगर फिरतात आणि सायकल मुंगीसारखी, लोक हसतील.

"हसू देत," मी म्हणाले. "आत बसलात तर हसायलाही कोणी फिरकणार नाही."

त्या दिवशी काम टाकून मी पण चढावर गेले, चालत. खालीच त्यांनी गिअर बदलला, कट् असा आवाज आला आणि चेन बसली. निम्म्यात पाववाला स्कूटरवरून गेला. म्हणाला मावशी, उतरून चाला, लवकर पोचाल. झालं. बाईंचं डोकं फिरलं. पेडलवर उभ्या राहिल्या आणि हात गेला गिअरकडे.

"हात काढा तो!" मी मागून ओरडले.

काढला. पाववाल्याला काहीबाही बोलल्या, पण परत सीटवर बसल्या आणि पाय गरगर, गरगर. वळणापलीकडे गेल्या आणि मला दिसेनात. चेन पडली असली तर? मला दम लागलेला, पळताही येईना.

वर पोचले तर गाठोडं आत देऊन फाटकाशी उभ्या. मला बघून दोन्ही हात पुढे केले, आधी पालथे, मग उताणे. स्वच्छ.

खाली आलो तेव्हा मालक दारातच होते. त्यांनीही आधी हातच बघितले. मग दुसरं गाठोडं उचलून कॅरिअरवर ठेवलं. मी म्हणतेय जाऊबाई, घोटभर पाणी तरी प्या, तर त्या निघाल्या पण. गेल्या महिन्यापर्यंत ती फेरी त्यांचीच होती.