बाबूच्या सदऱ्यावरचं पिल्लू

चिंचेखाली आम्ही तिघंच होतो: मी, कुऱ्हाडवाला गणपत अन् पंचायतीतला बाबू. बाबू नियमाचा लय पक्का. पाणी मांगतानाबी "नियमानं पाह्यलं त" म्हणते.

भर उन्हाळ्यात वर वाघळाच्या माया लेकरं पोटाले बिलगवून लटकल्या होत्या. नर दुसऱ्या झाडावर, मजेत. माह्या नवऱ्यासारखेच, मीबी चार पोरं एकटीनंच वाढवली.

बाबू म्हणे, "काकू, घाण होते. फांदी तोडाच लागन."

पहिल्याच घावाले एक पिल्लू पडलं, अन् बाबूच्या इस्तरीच्या सदऱ्याले चिपकलं.

"काकू, काढा ना वो!"

"नियमानं काढू, का तसंच?"

शेवटी त्यानंच ते खोडाले लावलं. माय येऊन नेयपर्यंत साहेब जागचे हलले नाई. मंग म्हणे, "पुढच्या हप्त्यात तोडू."

वाचणाऱ्या बापा, त्याले एवढं सांगजो: पिल्लं उडू दे, मंग तोड.