सागाचं पान आणि साडेपाच तास

ओरडणाऱ्या बिघाडाला आमच्या कचेरीत कुणी घाबरत नाही. कमांड दिली, काळ्या खिडकीत लाल अक्षरं उमटली, काम थांबलं, की सगळे माझ्या टेबलाभोवती जमतात आणि चहा पीत मला घाई करतात. गपचूप चालणारा बिघाड मात्र कुणाला दिसत नाही, कारण त्याच्यामुळे कुणाचा चहा अडत नाही.

चंद्रपूरच्या एका कंत्राटदाराकडे मी हे काम करते. जंगलात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांची कार्डं आमच्याकडे येतात. समोर काही हललं की कॅमेरा फोटो काढतो. वाघ असो, गाय असो की माणूस. कार्ड मशीनला लावलं की माझी स्क्रिप्ट एकामागून एक कमांड चालवते. आधी माणसांचे चेहरे काळ्या चौकटीने झाकायचे, मग फोटोखालची पट्टी कापायची, मग फोटोला तारीख आणि वेळेचं नाव द्यायचं, आणि शेवटी कार्ड पुसून कोरं करायचं. पट्टीवर वेळेबरोबर कॅमेऱ्याचं ठिकाणही छापलेलं असतं. मागे असे फोटो मोबाइलवर फिरून शिकाऱ्यांपर्यंत गेले होते, म्हणून पट्टी कापायचा नियम आहे.

साहेबांना एक दिवस सगळं नवं हवं झालं. अपग्रेड केलं आणि चेहरे झाकणारं टूल जागच्या जागी बंद पडलं. ज्या लायब्ररीवर, म्हणजे आयत्या कोडच्या गाठोड्यावर, ते उभं होतं तीच नव्या व्हर्जनने काढून टाकली होती. साहेब माझ्यावर असे खेकसले, जणू ती मीच चोरून घरी नेली होती. ते टूल मी दुरुस्त केलं. बाकीच्या कमांड मुकाट चालत होत्या, त्यामुळे त्यांच्याकडे बघायला मला कुणी वेळ दिला नाही.

त्याच दिवसांत मोहफुलं पडत होती. मोहर्लीपलीकडच्या एका गावात मोहफुलं वेचायला गेलेली बाई वाघाने मारली. नवरा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. घरी फक्त सासू. फटफटलं तेव्हा सून टोपली घेऊन निघाली, असं सासूने सगळ्यांना सांगितलं. ओढ्यावरच्या कॅमेऱ्याचं कार्ड आमच्याकडे आलं. त्यात तिचा एकच फोटो होता, आणि तोही हाताचाच. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, आणि कॅमेऱ्याच्या डोळ्यावर लावायला आणलेलं सागाचं वाळलं पान. पुढचे सगळे फोटो नुसत्या पानाचे होते. आमच्या टूलने त्या हाताला वेळ दिली होती रात्री साडेबाराच्या पुढची.

मग काय, कचेरीतल्या पुरुषांना दुसरं काही नकोच होतं. अर्ध्या रात्री एकटी बाई जंगलात जाते, आणि जाताना कॅमेऱ्यावर पान टाकते. "वाघाची वेळ घेऊन गेली होती वाटतं," एकजण म्हणाला आणि सगळे खो खो हसले. मेलेल्या बाईवर हसायला या लोकांना काही खर्च येत नाही. साहेबांनी वनखात्याला पाठवायच्या अहवालात तीच वेळ टाकली, आणि ती गावात पोचायला अहवालाचीही गरज पडली नाही. नवरा परत आला तो हे ऐकूनच. "मी तिची तेरवी करत नाई," असं त्याने चार लोकांत सांगून टाकलं.

पानाची गोष्ट मला माहीत होती, कारण माझी मावशी त्याच पट्ट्यातली आहे. मागे एकदा आडोशाला बसलेल्या एका बाईचा फोटो अशाच कॅमेऱ्यात निघाला आणि मोबाइलवरून गावभर फिरला. ज्यांनी फिरवला त्यांना कुणी काही बोललं नाही. तेव्हापासून मोहफुलांच्या दिवसांत जी बाई आधी वाटेने जाते ती कॅमेऱ्यावर पान लावते, आणि शेवटी परतणारी ते काढते. सगळ्या बाया हे करतात. घरी एकही सांगत नाही, कारण कॅमेऱ्याला हात लावला तर गार्ड दंड करतो आणि नवरा वरून मारतो.

तो हात मी पुन्हा पुन्हा पाहिला. मग मला जे दिसलं त्याने माझं डोकंच फिरलं. बांगड्या हिरव्या दिसत होत्या. रात्री हे कॅमेरे काळेपांढरे फोटो काढतात. रंग यायला उजेड लागतो. सगळी कचेरी त्या फोटोवर हसली होती, आणि रंगीत फोटो अर्ध्या रात्रीचा कसा, हे एकालाही सुचलं नव्हतं.

मी एक कॅमेरा भिंतीवरच्या घड्याळासमोर धरला. घड्याळात साडेअकरा वाजले होते. कार्ड लावलं, कमांड चालवली. फोटोला नाव मिळालं सकाळी सहाचं. जुनं व्हर्जन कॅमेऱ्याची वेळ जशीच्या तशी उचलायचं. नवं व्हर्जन न विचारता ती जगाच्या घड्याळात, ग्रीनिचच्या वेळेत, बदलून देत होतं, म्हणजे साडेपाच तास मागे. चूक म्हणून एक अक्षर त्याने छापलं नव्हतं. कमांडला एक शब्द जोडला आणि घड्याळ ठिकाणावर आलं. त्या बाईचा हात सहा वाजून गेल्यानंतरचा निघाला. सासू खरं बोलत होती.

साहेबांना दाखवलं. "टूल आता नीट चालतं ना?" ते म्हणाले. "मग झालं. अहवाल गेला तो गेला. आता दुरुस्ती पाठवली तर बाकीचं काय काय चुकलं ते विचारतील." आणि त्यांनी मला जेवायला जायला सांगितलं. मला त्यांच्या डब्यावर थुंकावंसं वाटलं.

मी रजा टाकली आणि गावात गेले. अंगणात नवरा खाटेवर बसला होता, सासू उंबऱ्यात, आणि कुंपणापाशी शेजारच्या बाया. मी भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो आणि टूलने त्याला आधी आणि नंतर दिलेली वेळ दाखवली, साडेपाच तास समजावले. त्याला समजलं. तो मूर्ख नव्हता.

"सहाले गेली, मानलं," तो म्हणाला. "मंग पान काऊन लावलं? कोनापासून लपत होती?"

मी कुंपणाकडे पाहिलं. एकीने जरी तोंड उघडलं असतं तरी पुरलं असतं. एक बाई पोराचं नाक पुसायला लागली, दुसरी आपल्या घराकडे वळली. मीच सांगितलं की सगळ्या लावतात. त्याने त्यांना विचारलं, "लावता का वो तुमी?"

"आमी नाई, भाऊ," एकजण म्हणाली. तिच्या बोटांना मोहफुलांचा चिकट रस लागलेला होता.

तेव्हा सासू उंबऱ्यातून उठली. "मी लावतो. मीच तिले शिकवलं होतं."

"तू गप बस, माय. तिच्यापायी खोटं बोलून राह्यली तू."

ती गप बसली नाही. मला फाटकापर्यंत सोडायला आली आणि माझं मनगट धरून म्हणाली, "बाई, मी उद्या त्याच येळेले तिथं जातो. पान हातात धरून उभी राह्यतो. तोंड दाखवतो कॅमेऱ्याले. तो फोटो माह्या लेकाले दाखवजो, मंग तो तेरवी करन." मी हो म्हणाले. मनापासून म्हणाले; ते कार्ड स्क्रिप्टला न देता मी हातानेच उघडणार होते.

ज्या वाटेवर सून मेली तिथे ती म्हातारी पहाटे एकटी गेली. सून मेल्यापासून त्या कॅमेऱ्याचं कार्ड रोज कचेरीत येत होतं; त्या दिवशी ते आलं तेव्हा मी मावशीकडचा मुक्काम आटोपून परतताना अजून बसमध्येच होते. कार्ड कुणीतरी नेहमीसारखं लावून टाकलं, आणि मी पोचले तोवर स्क्रिप्ट संपली होती.

फोटो निघाला होता. वेळ अगदी बरोबर, सकाळची सहा वाजून गेल्यानंतरची. लुगडं, काटकुळा हात, हातात सागाचं पान, आणि ते न लावता कॅमेऱ्यासमोर ताठ उभी असलेली बाई. चेहऱ्यावर काळी चौकट. अपग्रेडनंतर मी दुरुस्त केलेल्या टूलने तो व्यवस्थित झाकला होता. कार्ड पुसून झालं होतं.

तरी मी तो फोटो तिच्या लेकाला पाठवला. त्याने लगेच उत्तर दिलं, "हे कोन आहे?"