मदतीचं पान

साधा कॅल्क्युलेटर बसवायला घेतला, तर त्याच्यासोबत आणखी काय काय बसेल याची पडद्यावर भली मोठी यादी आली. त्याची माहितीपुस्तिका, ती पुस्तिका तयार करायची साधनं, त्या साधनांना लागणारे फॉन्ट. शाळांना मिळालेल्या जुन्या संगणकांसाठी मी लिनक्स या मोफत संगणकप्रणालीची हलकी आवृत्ती बनवते. तिथे जागा मुळातच कमी. मी वहीत ‘अनावश्यक’ असा रकाना आखला आणि पुस्तिकांसकट सगळं त्यात टाकलं. संगणक झपाझप चालू लागले.

काल डोंगरातल्या एका शाळेतून शिंदेबाईंचा फोन आला. तिथे संगणक त्याच शिकवतात.

“मॅडम, ते मदतीचं पान कुठं गेलं हो?”

“इंटरनेटवर आहे की सगळं.”

“आमच्याकडं इंटरनेट पाहुण्यासारखं येतं, चहासुद्धा न घेता जातं. मी सकाळी एक पान वाचायचे आणि दुपारी तेवढंच मुलींना शिकवायचे. आता काय शिकवू?”

पुस्तिका बनवायची साधनं खरंच नको होती. पुस्तिका हवी होती. दोन्ही एकाच रकान्यात गेली, कारण मला दोन्ही लागत नव्हती. कपाट आवरतानाही काय टाकायचं ते मी असंच भराभर ठरवत आले आहे. कधी कुणाला विचारल्याचं आठवत नाही.

आज साधनं वगळून फक्त पुस्तिका पेनड्राइव्हवर घातल्या आणि पाकिटावर शिंदेबाईंचा पत्ता लिहिला. मग संगणक गेलेल्या शाळांची यादी काढली. अकरा शाळा आहेत.

बाकीच्या दहांतून कुणाचाच फोन आलेला नाही.